मारून टाक आणि परत उठव

चपराक तशी हलकीच होती. ब्याऐंशी वर्षांच्या हाताची, त्यात साबणाच्या फेसाने बुळबुळीत झालेली. ती गालावर नीट बसलीच नाही; घसरली, कानाच्या पाळीला चाटून गेली आणि त्याच्या चष्म्याच्या एका काचेवर फेसाचा गोळा तेवढा ठेवून गेली. सकाळचे नऊ वाजले होते. न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली. आणि तो त्यांच्यासमोर गुडघे टेकून, उजव्या हातात वस्तरा. एका काचेतून काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या काचेतून त्याला स्वतःचा हात दिसला. तो वर गेलेला होता, खांद्याच्याही वर, आणि वस्तऱ्याचं पातं बाबांच्या कानाखाली, जिथे कातडी सैल होऊन लोंबते आणि आत एक शीर सावकाश उडत असते, बरोबर तिथे रोखलेलं होतं. हात थरथरत नव्हता. थरथरला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे, जन्मभर हेच काम केल्यासारखा, कोन बघत होता. एक श्वास, फार तर दीड. बाबांचं लक्षच नव्हतं. ते नळाकडे बघत म्हणाले, "पुढचा कोण आहे? आण त्याला."

"कुणी नाही, बाबा. संपले सगळे," तो म्हणाला आणि त्याने वस्तरा पाण्याच्या मगात बुडवला. उरलेला फेस टॉवेलने पुसून टाकला. अर्धी दाढी तशीच राहिली. बाबांना उभं करताना, काखेत हात घालून त्यांना पलंगापर्यंत नेताना, तो नेहमीपेक्षा जास्त हळुवार वागला, आणि ते त्याचं त्यालाच खटकलं. चोरी केलेल्या घरात माणूस पावलं जपून टाकतो, तसं ते होतं.

बाबा तुरुंगात शिपाई होते. एकतीस वर्षं. संध्याकाळी घरी येताना चाव्यांचा जुडगा तिथेच जमा करून येत. हात मात्र बरोबर आणत. पट्टा खुंटीवर असे. गुन्हा काय हे फारसं महत्त्वाचं नसे, कधी सांडलेलं दूध, कधी उलटं उत्तर, कधी नुसतं बघणं. बाबा म्हणत, "मोज." मग ज्याला मार बसतोय त्यानेच मोठ्याने मोजायचं, आणि आवाज कापला किंवा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ताईचा आवाज कधी कापत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखी ती एक, दोन, तीन, चार, पाच म्हणे आणि सुटे. त्याचं मात्र तीनलाच काहीतरी होई. पाचाच्या शिक्षेचे कधी कधी वीस-बावीस होत. आई तेवढ्या वेळात मोरीतला नळ मोठा सोडायची. अजूनही कुठे जोरात पाणी पडायला लागलं की त्याच्या पोटऱ्या आपोआप आवळतात. अकरा वर्षांचा असताना त्याने वर्गातल्या एका मुलाची बोटं दाराच्या फटीत धरून दार ओढलं होतं. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मुलगा ओरडत असताना त्याला भीती वाटली नव्हती, वाईटही वाटलं नव्हतं. त्याला आठवतं ते एवढंच, की आपण मनात 'एक' म्हणालो. त्यानंतर त्याने ठरवलं की हे आपलं नव्हे. तेव्हापासून तो हळू बोलत आला, हळू चालत आला, वाद झाला तर बाहेर जाऊन उभा राहत आला. ऑफिसात त्याला गोगलगाय म्हणत. लाडानेच म्हणत. 'गोगलगाय आणि पोटात पाय' या म्हणीचा पुढचा अर्धा भाग कुणीच उच्चारत नसे, पण तो त्याला दर वेळी ऐकू येई.

दहा वाजता सांभाळायला येणाऱ्या बाई आल्या. बाबांना अर्ध्या दाढीत बघून त्यांनी भुवया उंचावल्या आणि चादर बदलायला घेतली. तो आपल्या खोलीत टेबलाशी जाऊन बसला. चार वाजता मीटिंग होती आणि ती त्यालाच घ्यायची होती; सबंध टीमला शिकवायचं होतं की आपापली वर्कस्पेस आपापल्याच मशीनवर कशी चालवायची. खरं तर हे शिकवणं त्याच्याकडे आलं ते बाबांमुळेच. ऑफिसचं सगळं काम दूरच्या मोठ्या मशीनवर चाले. सकाळी बटण दाबलं की तिकडे कुठेतरी तुमची वर्कस्पेस, म्हणजे तुमच्यासाठी एक मांडलेलं टेबल, तयार होई, हवी ती साधनं, हव्या त्या आवृत्त्या, सगळं जिथल्या तिथे. आपल्या हातातला लॅपटॉप म्हणजे त्या टेबलाकडे बघायची नुसती खिडकी. तीन महिन्यांपूर्वी बाबांनी कुंड्यांच्या कात्रीने इंटरनेटची तार कापली. "तारेतून बोलतात," ते म्हणाले. दुरुस्त करून घेतली तर आठवड्याने परत कापली, या वेळी चार ठिकाणी, एकेक तुकडा वीतभर. खिडकी बंद, टेबल पलीकडे अडकलेलं. तेव्हा शोधता शोधता त्याला एक छोटं साधन सापडलं. टर्मिनलच्या काळ्या चौकटीत एक ओळ टाइप करायची, की ते कामाच्या फोल्डरमधली एक फाइल वाचतं, त्या फाइलीत लिहिलेलं असतं की या कामाला काय काय लागतं, आणि तस्संच टेबल तुमच्या स्वतःच्या मशीनच्या पोटात मांडून देतं. आपल्याच घरात, पण घरापासून वेगळं. आतली घाण बाहेर नाही, बाहेरची आत नाही. बिघडलं तर पाडायचं. परत तीच ओळ. परत तेच टेबल, नवंकोरं, काही न आठवणारं. तार असो नसो. फोनच्या इंटरनेटवर बोलण्यापुरतं भागत होतं. पहिल्यांदा ते उठलं तेव्हा त्याने ते उगाचच सात-आठ वेळा पाडलं आणि परत उठवलं. जेवायचं विसरून. बायको असती तर म्हणाली असती, काय लहान मुलासारखं.

बायको नव्हती. चार महिन्यांपूर्वी ती मुलीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली होती. त्या दिवशी बाबा खोलीत आले तेव्हा मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. ती उठून उभी राहिली नाही. नऊ वर्षांच्या मुलीला कसं कळावं की ही हजेरी आहे. बाबांनी तिचीच पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि तिच्या कानावर हाणली. एकदा. मग परत. तो दारात होता. तीन पावलांवर. ती तीन पावलं तो चालला नाही. पुढे किती तरी वेळा त्याने तो क्षण उघडून बघितला, घाबरलो होतो का, गोंधळलो होतो का, आणि दर वेळी तेच सापडलं: तो वाट बघत होता. मुलीने आकडा म्हणण्याची. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिने मुलीला ओढून घेतलं, आणि नंतर, कानाला टाके घालून आल्यावर, बॅग भरताना ती आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "त्यांचं मी समजू शकते. त्यांचं डोकं गेलंय. तू उभा होतास." तो म्हणाला, बाबांची काहीतरी सोय करतो. ती म्हणाली, "कर. मग बघू." सोय म्हणजे कुठलं तरी वृद्धाश्रमाचं दार, आणि त्याला ताई तयार नव्हती. ताई दर रविवारी येई, बाबांची नखं कापी, केस विंचरी, घास भरवी. सहा तासांत एकदाही चिडत नसे. शेजारपाजारचे म्हणत, लेक असावी तर अशी. "आपला बाप आहे रे," ती म्हणे, "परक्यांच्या हातात कसा द्यायचा?" बाबांच्या अंगावर अधूनमधून निळे डाग दिसत. डॉक्टर म्हणाले होते, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी होतं तसं.

दोन वाजता बाई गेल्या. बाबांनी गोळ्या घेतल्या होत्या, पाच-साडेपाचपर्यंत ते झोपत. तरी त्याने कानाला काही लावलं नाही, स्पीकरच चालू ठेवला. एक कान त्यांच्या खोलीकडे असावा म्हणून. दाराला कडी नव्हती. बाबांनी एकदा आतून कोंडून घेतल्यापासून घरातल्या सगळ्या कड्या त्याने स्वतःच्या हातांनी उपसून काढल्या होत्या. लाकडात नुसती भोकं राहिली होती. चारला एक मिनिट कमी असताना त्याने उजवा हात मांडीवर ठेवून उलटासुलटा करून पाहिला. काही नव्हतं. हातच होता. मग एकेक आवाज खोलीत यायला लागला. अकरा जण होते. त्याने पडद्यावर आपली काळी चौकट सगळ्यांना दिसेल अशी लावली. सगळ्यांच्या वरच्या होत्या त्या मॅडम. घसा नेहमी बसलेला, बोलणं हुकमी. आणि एक होता पोपट, दोन गल्ल्या सोडून राहणारा, त्याच्या तोंडाला कुलूप लागतं कसं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, नंतर येणाऱ्यांसाठी रेकॉर्डिंग चालू करतेय. त्याने पहिली ओळ टाइप केली, समजावून सांगितली, सगळ्यांनी तशी केली. एकाची उठली, दुसरीची उठली. त्याला बरं वाटायला लागलं. सकाळपासून पहिल्यांदाच खांदे खाली आले.

"माझी उठतच नाही हो," पोपट म्हणाला. "मघापासून नुसती गरगरतेय."

"थोडा वेळ दे तिला."

"दहा मिनिटं झाली. मढ्यासारखी पडलीय. हूं नाही की चूं नाही."

"अडकली असेल," मॅडम म्हणाल्या. "वेळ घालवू नकोस. मारून टाक आणि परत उठव."

"मारतोय ना! साध्याने मरत नाही."

"मग जबरदस्ती कर," तो म्हणाला. "ओळीच्या शेवटी फोर्स लाव. दयामाया दाखवायची नाही."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, आज गोगलगाय फॉर्मात आहे!" तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या मानेवर वाऱ्याची झुळूक आली. दार उघडलं होतं.

बाबा दारात उभे होते. वाकलेले नव्हते, सरळ, टाचा जुळवून. पायजम्याची नाडी लोंबत होती. अर्ध्या गालावर पांढरे खुंट, अर्धा गाल गुळगुळीत. हातात चार पायांची अ‍ॅल्युमिनियमची काठी होती, चालायला दिलेली. ती त्यांनी उलटी धरली होती, पाय वर. "कोण उठत नाही?" त्यांनी विचारलं. तो आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "बाबा, काही नाही, तुम्ही झोपा—" तो खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही तुला?" आणि पहिला फटका खांद्यावर बसला. चारही पायांचा, जणू चार हातोड्या एकदम. खुर्ची मागे कलंडली, तो टेबल आणि पलंग यांच्या मधल्या सांदीत पडला. दुसरा फटका कोपरावर. तिसरा लॅपटॉपच्या पडद्यावर. काच आतून फुटली, काळी शाई पसरावी तसा अंधार पसरला, पण आवाज चालूच राहिले. "हॅलो? काय झालं? काही पडलं का?" बाबा धापा टाकत होते. त्यांच्या तोंडाला लाळेची तार होती. "मोज," ते म्हणाले.

आणि तो मोजायला लागला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आपल्या खोलीत, दिवसाउजेडी, हात डोक्यावर धरून. एक. त्याला वाटलं होतं आवाज कापेल, कापला नाही. दोन. पाठीच्या मणक्यावर. एक विलक्षण हलकेपणा त्याच्या अंगात आला, आता फक्त आकडे नीट म्हणायचे, बाकी सगळं कुणीतरी दुसरा करतोय. कळलं, ताईला हेच साधलं होतं. तीन. चार. टेबलावरून पोपटाचा आवाज, "अहो, हे काय चाललंय, मॅडम?" आणि कुणीतरी, "गप्प बसा, ऐका." पाच. सहाव्याला काठीचा एक पाय भुवईवर बसला आणि डावा डोळा गरम, लाल झाला. "सहा," तो म्हणाला. पाचावर सुटका होत असे. त्याने वाट बघितली. वर बाबांची काठी थांबली होती. ते इकडेतिकडे बघत होते, काहीतरी हरवल्यासारखे. "पोरगी कुठाय?" ते म्हणाले. "ती पण उठत नाही. तिला आण."

पुढचं त्याला तुटकतुटक आठवतं, पण जे आठवतं ते फार स्वच्छ. काठी त्याच्या हातात होती. ती ओढून घेतलेली आठवत नाही. पहिला फटका बाबांच्या मनगटावर बसला, कारण ते मनगट पुढे आलेलं होतं, आणि हाड वाजलं, आणि म्हातारा पलंगाच्या कडेवर आपटून खाली बसला. हो, म्हातारा, त्या वेळी त्याच्या डोक्यात बाबा हा शब्द नव्हता. म्हातारा खाली बसला, त्याने गुडघे छातीशी घेतले, डोकं दोन्ही दंडांत लपवलं आणि बारीक, आज्ञाधारक, शाळकरी आवाजात म्हणाला, "एक."

तो जागच्या जागी थिजला. आणि तरी दुसरा फटका बसला, खांद्याखाली, फासळ्यांवर. "दोन," म्हातारा म्हणाला. आवाज कापत नव्हता. फार सराव असल्याशिवाय असा आवाज येत नाही. कुणी शिकवलं असेल याला? कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, कोण उभं होतं याच्यापुढे, आणि कुणी कुठला नळ सोडला होता? ब्याऐंशी वर्षांच्या खाली दडलेला एक मुलगा त्याच्यासमोर जमिनीवर बसून वाट बघत होता. त्याला सगळं कळलं. हे नंतर त्याने पोलिसाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते नव्हतंच, पण स्वतःशी मात्र त्याने ते कधी लपवलं नाही: तिसरा फटका त्याने कळल्यावर मारला. कळलेलं असताना, कळूनसवरून, सगळ्यांत जोरात.

"चार," म्हातारा म्हणाला.

मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला, थंड, समजूतदार, किंचित कंटाळलेला. "चुकलं," तो म्हणत होता. "पहिल्यापासून."

"थांब!" फुटलेल्या पडद्याच्या आतून मॅडम किंचाळल्या. बसका घसा फाटला होता. "थांब, ऐकतोयस का तू? आम्ही सगळे इथे आहोत! सगळे ऐकतोय! काठी खाली टाक! टाक म्हणते ना!" आणि मग अकराच्या अकरा आवाज एकदम, टाक, टाक, अहो टाका, कुणीतरी रडत. काठी पडली. अ‍ॅल्युमिनियम फरशीवर आपटून दोन-तीनदा उसळलं. त्याने बाबांकडे बघितलं आणि त्यांच्याजवळ जायला गुडघ्यांवर पुढे सरकला, तेव्हा ते मागे सरकले, भिंतीपर्यंत, आणि मोडलेलं मनगट चांगल्या हाताने धरून म्हणाले, "माफ करा. परत नाही होणार."

पोपट घरातल्या सपातांवर धावत आला. दाराला कडी नव्हतीच. त्याने त्या सांदीत बसलेल्या दोघांना पाहिलं, आपला शर्ट काढला, त्याची झोळी करून बाबांचा हात तिच्यात घातला आणि भिंतीला टेकून त्यांचं डोकं आपल्या उघड्या छातीवर घेतलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो तसाच बसला. मॅडमनी पाठवली होती. जिन्यात पोपट एवढंच म्हणाला, "पायरी आहे, जपून," आणि ते तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

ताई दवाखान्यात पोचली तेव्हा एक तरुण डॉक्टर कागद घेऊन उभी होती. मनगट, दोन फासळ्या, गळपट्टीचं हाड. त्याच्या भुवईला पाच टाके घातले होते. "कसं झालं हे?" डॉक्टरने विचारलं. ताई लगेच म्हणाली, "न्हाणीघरात पडले. दाढी करताना, बघा ना, अर्धीच राहिलीय." ती इतक्या सहज म्हणाली की तिचा आवाज त्याने ओळखला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचणारा. डॉक्टर लिहायला लागली. "मी मारलं," तो म्हणाला. पेन थांबलं. "आधी त्यांनी मला, आणि मग मी. पण ते धरू नका. मी मारलं."

पोलीस आला तो वयस्क होता, निवृत्तीला आलेला. बाबांच्या खाटेशी जाऊन त्याने विचारलं, "आजोबा, कुणी मारलं तुम्हाला?" बाबा छताकडे बघत होते. "मला कोण मारणार? मी ड्यूटीवर आहे." ताईने सांगितलं ते तुरुंगात होते, कैदी नव्हे, शिपाई, तेव्हा तो पोलीस नकळत ताठ झाला, आणि मग त्याला बाजूला घेऊन जवळजवळ मायेने म्हणाला, "हे बघा, माझ्याही घरी म्हातारी आहे. माणूस कधी कधी... पडले असं लिहू का? तेही तेच म्हणतायत जवळजवळ." त्याच वेळी खिशातला फोन वाजला. मॅडम होत्या. बाबा कसे आहेत, तू कसा आहेस, काम डोक्यातून काढ; पोपटाने परत मीटिंगवर येऊन सगळ्यांच्या वर्कस्पेस उठवून दिल्या, तुझी फाइल सगळ्यांकडे होती. "रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं आहे त्यात. फक्त माझ्याकडे आहे. पुसू?" त्याने पोलिसाकडे बघितलं. पोलीस पेन उघडून वाट बघत होता, चेहरा दयाळू. पुसलं असतं तर पुसलं गेलं असतं. एक ओळ, एक होकार, की संध्याकाळ नवीकोरी. "नको," तो म्हणाला. "यांच्याकडे पाठवा." पोलिसाने मान हलवली, निराश झाल्यासारखी, आणि नवा कागद काढला.

बाकावर ताई त्याच्याशेजारी येऊन बसली. तो तयार होता. ती काय काय म्हणेल ते त्याला पाठ होतं. जन्मदात्यावर, आणि या वयात. पण ती बराच वेळ आपल्या पर्सचा बंद गुंडाळत आणि सोडत राहिली.

"ते निळे डाग," ती म्हणाली.

"कुठले?"

"त्यांच्या दंडाला असतात ना. आतल्या बाजूला."

"गोळ्यांनी होतं म्हणाले डॉक्टर."

"हो. मीच विचारलं होतं डॉक्टरांना." तिने पर्सचा बंद सोडला. "मी चिमटे काढते त्यांना. नखं कापताना. तिथेच काढायचे, जिथे तुला दिसणार नाही. दर रविवारी. ते ओरडत नाहीत. नुसते बघतात." तिचा आवाज कापला. पन्नाशीला आलेल्या ताईचा आवाज त्याने जन्मात पहिल्यांदा कापताना ऐकला. "म्हणून म्हणत होते, परक्यांच्या हातात नको. कळलं का तुला? मला रविवार लागायचा."

आत हाड बसवत होते. बाबांची किंकाळी कॉरिडॉरभर गेली, मग दुसरी. दोघंही उठली नाहीत. त्याने ताईचा हात धरायचा विचार केला, पण ती हात मांडीखाली घालून बसली होती.

चार दिवसांनी बाबांना दवाखान्यातून थेट एका संस्थेत हलवलं. दोघांनीही सह्या केल्या. तिथल्या माणसाने विचारलं, भेटायला कधी येणार. ताई म्हणाली, "आम्ही ठरवून सांगतो," आणि दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. केस चालू राहणार होती, वकील म्हणाला फार काही होणार नाही, आणि ते त्याला 'पडले असं लिहू का'सारखंच ऐकू आलं. घरी येऊन त्याने खिडक्या उघडल्या. घर रिकामं होतं. म्हणजे सोय झाली होती. बायकोला फोन करून एवढं एकच वाक्य सांगता आलं असतं, सोय झाली, आणि ते खोटं नसतं. भुवईचे टाके ओढत होते. सकाळचे अकरा वाजले होते, रविवार होता, मुलगी घरीच असणार. त्याने फोन लावला आणि तो मुलीनेच उचलला.

"बाबा! आजोबांना दवाखान्यात ठेवलंय ना? मावशी म्हणाली."

"आता दुसरीकडे ठेवलंय. तिथे त्यांना सांभाळतात."

"लागलंय का त्यांना? खूप?"

"हो. हात मोडलाय."

"पडले?"

तो खिडकीपाशी उभा होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गालिचा कठड्यावर टाकून झोडपत होतं, धप्, धप्, आणि धूळ उन्हात उडत होती.

"नाही," तो म्हणाला. "मी मारलं."

मुलीचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यासारखा. त्याला खूप काही म्हणावंसं वाटलं, का ते, कसं ते, तुझ्या कानाबद्दल, त्या तीन पावलांबद्दल, आणि यातलं काहीही नऊ वर्षांच्या मुलीवर टाकण्याचा आपल्याला हक्क नाही हेही त्याच वेळी कळत होतं.

"आईला देते," ती शेवटी म्हणाली.

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, लाकडावर. अनवाणी पावलं लांब गेली. एक दार. मग बराच वेळ त्या घराचे आवाज येत राहिले, कपात चमचा फिरल्याचा, खुर्ची सरकल्याचा, दोन बायकांचं हलकं बोलणं, त्यातला एक आवाज त्याच्या ओळखीचा, शब्द मात्र कळण्यासारखे नाहीत. मग बोलणं थांबलं. कुणी फोनकडे आलं नाही. कुणी तो बंदही केला नाही. तो खिडकीपाशी उभाच राहिला, फोन कानाला घट्ट धरून, आणि ऐकत राहिला.